खालच्या पायरीवरची जागा

माझ्या सासऱ्यांइतक्या गंभीरपणे जमिनीवर पडणारा माणूस उभ्या बेंगळुरात दुसरा झाला नसेल. लोक घसरून पडतात, अडखळून पडतात, माझ्यासारखे ओल्या फरशीवरून वर्तमानपत्र वाचत चालताना पडतात. सासरे तयारीनिशी पडत. आधी चष्मा काढून टेबलावर ठेवत, धोतराचा सोगा खोचत, मागे मांजर नाही याची खात्री करून घेत आणि मग सपशेल आडवे होत. उठल्यावर खिशातल्या वहीत नोंद करत, 'पतन क्रमांक एक्केचाळीस. डावा कोपर उशिरा टेकला.' आणि हा छंद त्यांना साठी उलटल्यावर लागला होता.

त्याआधी तीस वर्षं ते येलहंक्याकडच्या एका कारखान्यात तयार मालाचे तपासनीस होते. केसाएवढा फरक निघाला तरी तांबड्या खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर खडू त्यांच्याबरोबर घरी आला. इडलीची जाडी पट्टीने मोजली जाऊ लागली, कॅलेंडरं ओळंबा लावून टांगली जाऊ लागली. मी बेळगावहून मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा त्यांनी मला खिडकीच्या उजेडात उभं करून चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "उजवा खांदा स्वल्प खाली आहे. चालेल." सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्यासमोर बसलो की माझा उजवा खांदा आपोआप वर होई.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. चामराजपेटेतल्या त्यांच्या घरामागे एक छोटं सभागृह होतं. तिथे एका दाढीवाल्या नाटकवाल्याने विदूषकीचा वर्ग सुरू केला. रोज संध्याकाळी पाच वाजले की पंधरा-वीस माणसं एकदम खदाखदा हसू लागत. चौथ्या दिवशी अण्णा लेखी तक्रार घेऊन आत शिरले. सगळ्यांनी रबराची लाल नाकं लावली होती. अण्णांनी एकेकाला न्याहाळलं आणि कारखान्यातल्या आवाजात विचारलं, "हसण्याचं कारण काय?" वर्ग पाच मिनिटं हसत राहिला. दाढीवाल्याने हात जोडले. "सार, नाळे बन्नि. उद्या पण या." अण्णा दुसऱ्या दिवशी गेले ते फक्त कारण शोधायला, आणि पुढे तीन महिने जात राहिले.

तिथे ते काय शिकले हे त्यांनी मला एकदा कॉफी पिताना समजावून सांगितलं. "जावईबापू, विदूषकाला चूक लपवता येत नाही. चूक झाली की पळायचं नाही, लोकांच्या तोंडाकडे बघायचं. बस्स, एवढाच अभ्यासक्रम आहे." मग उरलेली कॉफी बशीत ओतली. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांकडे बघितलं. हे उलटं आहे. जड जातं."

पण बदल दिसू लागला. भाजीवालीशी तराजूवरून वाद घालणारे अण्णा आता तिच्यासमोर दोन कांदे झेलत आणि तिसरा पाडत. पोस्टमन पत्र नसलं तरी येऊन जाई. गल्लीतली पोरं पूर्वी त्यांच्या अंगणात चेंडू गेला की नवा आणत, ती आता चेंडू मुद्दाम आत टाकू लागली. सगळे हसत. हसत नव्हती ती फक्त त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको. अण्णा तिच्यासमोर पाटावरून पडले, स्टुलावरून पडले, एकदा तर हातातल्या ताटासकट पडले. ती दर वेळी "लागलं का, अण्णा?" असं विचारून आत निघून जाई. वहीत तिच्या नावाचा वेगळा रकाना होता आणि त्यात वरपासून खालपर्यंत तांबड्या फुल्या होत्या. एक दिवस वही मिटून त्यांनी मला विचारलं, "ही माझ्यापुढे का हसत नाही?" मला कारण माहीत होतं आणि त्यांनाही होतं.

त्या घरात चार पिढ्यांपासून दसऱ्याला तिथल्या रीतीप्रमाणे बाहुल्या मांडत. ट्रंका आणि बाकं रचून त्यांच्या पायऱ्या करायच्या, वर पांढरं कापड, त्यावर राजाराणी, दुकान मांडून बसलेले शेट्टी नवराबायको, वाजंत्री. ही सात वर्षांची असताना तिने खालच्या पायरीवरचा मातीचा मृदंगवाला खेळायला उचलला आणि तो फुटला. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी त्याची जागा रिकामी ठेवली. दर वर्षी, डावीकडच्या टोकाला, हातभर. बघायला येणाऱ्या बायका विचारत आणि अण्णा मुलीसमोर शांतपणे कारण सांगत. असे तेवीस दसरे झाले. मला हे कळलं तेव्हा त्या प्रेमळ म्हाताऱ्याचा मला चक्क राग आला होता.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही दोघं दुपारीच गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि बायको थांबली. खालच्या पायरीच्या डाव्या टोकाला लाल नाक लावून, मांडीवर दूधपावडरचा रिकामा डबा मृदंगासारखा आडवा धरून अण्णा बसले होते. हातभर जागेत ते अर्धेच मावले होते, उरलेले अर्धे हवेत होते. पापणी हलत नव्हती. ही पदर खोचून कुंकवाचं तबक घेऊन उभी राहिली.

तेवढ्यात शेजारच्या पद्मक्का आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी प्रत्येक बाहुलीला वाकून नमस्कार केला आणि अण्णांपाशी थबकल्या. "हे नवीन आणलं वाटतं. काम चांगलं आहे, पण नाक बिघडवलंय कुंभाराने." असं म्हणून त्यांनी नाक ओढून पाहिलं. रबर ताणलं, सुटलं आणि चटकन जागेवर बसलं. अण्णा शिंकले.

बाक उलटलं. हे पडणं वहीत कुठेच नव्हतं. चष्मा काढलेला नव्हता, सोगा खोचलेला नव्हता. वाजंत्री गडगडले, शेट्टीणबाईची मान तुटून थेट माझ्या पायापाशी आली. पद्मक्का म्हणाल्या, "अय्यो, हे जिवंत आहे." अण्णा मातीच्या तुकड्यांत बसले होते. ते उठायला गेले नाहीत. त्यांनी नाक काढलं आणि मुलीच्या तोंडाकडे बघितलं.

"माझ्या हातून फुटलं," ते म्हणाले. "फुटतं गं. तुलाही तेव्हा हेच सांगायला हवं होतं."

बायको तबक धरून तशीच उभी होती. मग ती हसू लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, तुकड्यांतच, अण्णांच्या शेजारी, आणि मग ती रडली. अण्णांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी डबा वाजवला. फार वाईट वाजवला. ती पुन्हा हसली.

शेट्टीणबाई डिंकाने चिकटवल्या. मान थोडी वाकडी बसली. अण्णांनी ती उजेडात धरून पाहिली आणि "चालेल" म्हणाले.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाहुल्या आमच्याकडे आल्या आहेत आणि पायऱ्या बायको रचते. खालच्या पायरीवर, डावीकडच्या टोकाला ती हातभर जागा अजूनही रिकामी सोडते. येणाऱ्या बायकांबरोबर पोरं असतात, ती विचारतात, इथे कोण बसतं. "माझे अण्णा," ती सांगते, आणि मान वाकडी असलेली शेट्टीणबाई उचलून त्यांच्या हातात खेळायला देते.