खुराड्याला जाळी

वालूरला आमच्या परसातली कोंबडीची पिल्लं शिंकायला लागली. नाकं गळायली, श्वासाला घरघर. तान्ह्या लेकराला न्हाऊ घातल्यावर देतात तशी सासूबाईंनी पिल्लांना ओव्याची धुरी दिली, अन् वारं लागू नये म्हणून खुराड्यावर पोतं गच्च पांघरलं. सकाळी घरघर दुप्पट!

मग माझा नवरा सेलूहून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी पोतं उचललं अन् आधी स्वतःच खोकले. म्हणाले, "औषध पाण्यातून द्या, आजारी पिल्लं वेगळी ठेवा. पण ही धुरी बंद करा. कोंडलेल्या धुरात कुणाचीही छाती भरंल. हवा खेळू द्या."

नवरा लगेच कामाला लागला. दुपारपर्यंत खुराड्याला दोन्ही बाजूंनी जाळी बसली. चार-आठ दिवसांत पिल्लं उकिरडा उकरायला लागली, अन् घरात नुसतं त्या जाळीचं कौतुक.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून स्वयंपाकघराला खिडकी मागतेय. गॅस आहे, पण ह्या घराला भाकर चुलीवरचीच लागते. खिडकीचं उत्तर दरवर्षी एकच, "बघू, सुगी झाल्यावर."

एका संध्याकाळी चूल पेटवली अन् धुरानं खोकल्याची उबळ आली. मळलेलं पीठ काटवटीत तसंच सोडलं, पाट उचलला अन् खुराड्याजवळ जाऊन बसले. नवरा शोधत आला. "काय झालं गं?"

"डॉक्टर म्हणले ना, हवा खेळती पायजे. इथं लय चांगली हाय. भाकरी तुमी थापा."