दोन बोटं कापूस

मास्तरांची शिलाई बरी होती. नाव होतं ते त्यांच्या तोंडाला असलेल्या कुलपाचं. कुणाचं पोट सुटलं, कुणाचा खांदा उतरला, कुणाला कितवा महिना लागला, हे त्यांना सासूच्या आधी कळे आणि त्यांच्याकडून कुणालाच कळत नसे. बायकोलाही नाही. ती त्या रागातच गेली म्हणतात.

मापांच्या वहीत मात्र ते सगळं लिहीत. शाळेतल्या एका बाईंच्या पानावर, नावाखाली, होतं: ‘ऑपरेशननंतर डावी बाजू रिकामी. आतून दोन बोटं कापूस. शाळेत माहीत नाही.’

सून हुशार. दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून तिनं तीनशे बायका जमवल्या होत्या. एका दुपारी मास्तर जेवायला गेले तेव्हा तिनं नेमक्या त्याच पानाचा फोटो टाकला. वर लिहिलं, ‘आमचे बाबा किती बारकाईनं काम करतात बघा!’

मास्तरांना कळेपर्यंत फोटोखाली ऐंशी लाल बदाम पडले होते.

“काढ ते आधी!”

“काढलं हो. पण बाबा, त्यात लपवायचं काय? बाईंनी काय चोरी केलीय? उलट सगळ्या हळहळल्या.”

शाळाही हळहळली. मुख्याध्यापिकेनं ‘झुंजार शिक्षिके’चा सत्कार ठरवून फलकही रंगवून घेतला. बाईंना विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, एवढी समज तिला होती.

बाई दुकानात आल्या तसे मास्तर मशीनवरून उठले.

“बाई, माझ्या हातून...”

“राहू द्या मास्तर. शनिवारी सत्कार आहे. ब्लाऊज हवाय.”

“नेहमीसारखा देतो. या खेपेला कापूस मऊ मिळालाय.”

“कापूस नको.”

“अहो, पण चारचौघांत...”

“चारचौघांना तेच बघायचंय. कापूस घातला तर मागच्या रांगेतली म्हणेल, हिला तर काहीच झालेलं दिसत नाही.”

मास्तरांनी नव्यानं माप घेतलं. ब्लाऊज इतका चपखल बसला की डावीकडे एक चुणी म्हणून नव्हती. असं काम त्यांना उभ्या जन्मात साधलं नव्हतं.

शनिवारी सभागृह भरलं. बाई व्यासपीठावर ताठ उभ्या राहिल्या, टाळ्या थांबेनात. सून पहिल्या रांगेत होती. ती शिकली होती, या वेळी तिनं आधी विचारलं, “बाई, एक फोटो काढू?”

बाई हो म्हणाल्या आणि, नीट दिसावं म्हणून, छातीशी धरलेला गुच्छ खाली घेतला.