निकोप प्रकृतीचा दाखला

ज्या दिवशी अकोल्याच्या ट्रेझरीत किसन वानखडे यांची पेन्शन थांबली, त्या दिवशी मी अमरावतीला कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासत होतो. पेन्शन मी लिहिलेल्या एका दाखल्यामुळे थांबली होती. ते मला चार दिवसांनी कळलं.

मी त्या कॉलेजात हेडक्लार्क होतो. वानखडे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वय चौतीस. गाव बाळापूरजवळ, कॉलेजसाठी अमरावतीत खोली घेऊन राहत. फौजेत असताना त्यांना आजार जडला. जवळ कुणी नसताना हुकूम ऐकू येत. बराच काळ इस्पितळात ठेवून फौजेने त्यांना घरी पाठवलं आणि डिसॅबिलिटी पेन्शन दिली. नोकरीत जडलेल्या आजाराने फौजेच्या कामाला अपात्र ठरलेल्या माणसाला ती मिळते. पण ती कायमची नसते. दर काही वर्षांनी डॉक्टरांचं बोर्ड त्याला बोलावतं आणि आजार किती उरला आहे ते ठरवतं.

हे सगळं त्यांनी मला ॲडमिशनच्या दिवशीच सांगितलं होतं. फॉर्म माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "बडेबाबू, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो जी. मी येडा आहो. सरकारी कागद आहे तसा."

"मग कॉलेज कशाला?"

"गावात सारे येडा फौजी म्हनतेत. येड्याले इतिहास समजते का नाई, ते पाहाचं आहे मले."

ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत. आवाज सुरू झाले की मुकाट्याने उठत आणि पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसत. प्राध्यापकांना ठाऊक होतं, कुणी हटकत नसे. कधी महिनाभर येत नसत. तेव्हा त्यांची पत्नी चंद्रभागाबाई त्यांना अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जात. बाई लोकांच्या मळ्यात भाजी तोडायला जायच्या. घरी म्हातारी आई आणि दोन मुली. घर पेन्शनवरच चालत होतं.

त्या वर्षी बोर्डाचं बोलावणं आलं ते नेमकं इतिहासाच्या पेपरच्या दिवसाचं.

"आता कसं करू जी?" वानखडे म्हणाले.

"सोपं आहे. तारीख पुढे ढकला म्हणून अर्ज करू. मी लिहितो."

अर्ज मी लिहिला. सोबत कॉलेजचा दाखला जोडला. असे दाखले छापलेलेच असत. नाव तेवढं भरायचं. खाली ठरलेलं वाक्य: वर्तन उत्तम, हजेरी नियमित, शारीरिक व मानसिक प्रकृती निकोप. माझ्या नोकरीत मी ते वाक्य कुणासाठीही खोडलं नव्हतं. वाचलंही नव्हतं. उलट त्या दिवशी वानखड्यांविषयी चार बरे शब्द जावेत म्हणून खाली हाताने 'अत्यंत बुद्धिमान व कष्टाळू' असं जोडलं. मग प्रिन्सिपॉलसाहेबांची सही घेतली आणि टपालात टाकला.

पेन्शनच्या ऑफिसात तो वाचला गेला. त्यांनी कळवलं की, ज्याअर्थी इसमाचं मन निकोप असल्याचं कॉलेजच लिहून देत आहे आणि तो विद्यापीठाच्या परीक्षेला बसत आहे, त्याअर्थी आजार संपला आहे. बोर्डाची गरज नाही. पेन्शन बंद.

तो कागद घेऊन वानखडे माझ्या टेबलासमोर उभे राहिले. दाढी वाढलेली होती.

"ट्रेझरीतला बाबू म्हनते, अभिनंदन, तुमी बरे झाले. बडेबाबू, बैल इकतानी त्याचे दात तरी पायतेत. मले तर कोनी पायलंच नाई."

मी कागद वाचला. "वानखडे, हे माझ्यामुळे झालं. तो दाखला मी लिहिला होता."

त्यांनी माझ्या हातून कागद घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "तुमी तं चांगलंच लिवलं होतं जी."

मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. माणूस न्यायी, पण कागदाला भिणारा.

"दाखला चुकीचा होता असं लिहून द्यायचं? खाली सही माझी आहे."

"हो सर."

"आणि खरं लिहिलं तर विद्यापीठ विचारेल, याची हजेरी भरली कशी? परीक्षेला बसू देणार नाहीत." चष्मा काढून ते म्हणाले, "माणूस एक तर बरा असतो, नाहीतर आजारी. दोन्ही कसा असेल?"

त्याचं उत्तर अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिलं. रविवारी मी वानखड्यांना घेऊन गेलो. चंद्रभागाबाई बाळापूरहून परस्पर आल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "याच्या हाती बंदूक देऊन पहाऱ्यावर उभा करू का?"

"नको."

"पेन्शन त्याची आहे. तो इतिहास वाचतो म्हणून हुकूम ऐकू यायचे थांबले नाहीत. मी पत्र देतो. पण मी त्याला महिन्यातून एकदा पाहतो, तुम्ही रोज पाहता. तुम्ही पाहिलं ते लिहा."

मी वानखड्यांना विचारलं, "लिहू? सगळं विद्यापीठापर्यंत जाईल. कदाचित परीक्षा जाईल."

"जाऊ द्या," ते म्हणाले. "पोरी उपाशी ठेवून मले नाई लागत बी.ए."

"तुमी गप ऱ्हा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "बडेबाबू, सारं लिवा. पन परीक्षेचंबी लिवा. तीन वर्सं म्या भाजी तोडली, ते काय मंधातच सोडाले?"

मी दोन पानं लिहिली. हजेरीपटावरून गैरहजर दिवस काढले. वर्गातून उठून जाणं, टाकीजवळ बसणं, परत येणं. तो आजारी आहे आणि तो विद्यार्थी आहे, ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी ती पानं दोनदा वाचली. सही केली, आणि हजेरीत सूट मिळावी म्हणून विद्यापीठाला वेगळं पत्र स्वतः लिहिलं.

सूट मिळाली. पेन्शनच्या ऑफिसने डॉक्टरांचं पत्र आणि माझी पानं पाहून प्रकरण पुन्हा बोर्डाकडे दिलं, पण बोर्डाने नवी तारीख दिली तीही परीक्षेच्याच आठवड्यातली. या वेळी मी अर्ज लिहिला नाही. वानखडे बोर्डापुढे गेले, त्या दिवशीचा पेपर बुडाला. काही महिन्यांनी पेन्शन पुन्हा सुरू झाली. ते वर्ष गेलं ते गेलंच. दरम्यान थोरल्या मुलीची शाळा सुटली होती. ती आईबरोबर मळ्यात जाऊ लागली होती आणि पुन्हा शाळेत गेली नाही.

पुढच्या वर्षी ते परीक्षेला बसले. एका पेपरला मधूनच उठून बाहेर गेले. नियमाप्रमाणे त्यांना परत आत घेतलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी थर्ड क्लासमध्ये पास झाले. निकाल ऐकायला ते आले नव्हते, इस्पितळात होते. चंद्रभागाबाई आल्या. मी यादीतलं नाव दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हेच ना जी?"

त्यानंतर मी प्रत्येक दाखला वाचून सही करायला पाठवत असे. त्यामुळे कामाला उशीर होई आणि लोक कुरकुर करत. छापील वाक्य कुणी वाचत नाही, असं आम्हा कारकुनांना वाटतं. ते वाचणारा कुठेतरी असतो, आणि त्याने तो माणूस पाहिलेला नसतो.

प्रिन्सिपॉलसाहेब गेले. अकोल्याचे डॉक्टर गेले. गेल्या महिन्यात वानखडेही गेले. हे सगळं ठाऊक असलेली आता आम्ही दोघंच उरलो आहोत, चंद्रभागाबाई आणि मी.