जहाजाची डाळ

आमच्या घरात वाटणी कधी झाली नाही. वडील गेले तेव्हा नेरजवळचं वावर आम्हा दोघा भावांच्या नावावर लागलं. कसायला धाकटा होताच, आणि मी तोवर पुसदच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायला लागलो होतो. पीक त्याला, पगार मला, असं कुणी बसून ठरवलं नाही. ते होऊन गेलं. वावरातून माझ्या हिश्शाची म्हणून एकच गोष्ट यायची, वर्षाची तुरीची डाळ. वडिलांनीच ती लावून दिली होती. नोकरी लागली त्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "तुही दाळ घरूनच येईन."

दरवर्षी उन्हं तापायला लागली की ते पोतं दारव्हा, दिग्रस करत एस.टी.च्या टपावरून पुसदला यायचं. धाकट्याची बायको तूर भिजवायची, तेलाचा हात लावून उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. सालींची चुणी गाईला, डाळ आम्हाला. तिच्यात सालीचा एखादा तुकडा राहिलेला असायचा, काही दाणे फुटके असायचे. गावात या पोत्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक होता. सरांची डाळ गाडीवर चढली, म्हणजे भाऊ एकत्र आहेत, वावर तुटणार नाही. शहरात राहून हा अर्थ मी विसरलो, आणि जे घडलं ते त्यातूनच घडलं.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. बोंडअळी होती, बियाणं महाग होतं, आणि बाहेरच्या देशातला कापूस इथल्या गिरण्यांना आमच्या कापसाहून स्वस्त पडत होता. वर्गात मी हे फळ्यावर लिहून शिकवत होतो. डावीकडे आयातीचे फायदे, उजवीकडे तोटे. ग्राहकाला माल स्वस्त मिळतो, गिरणी चालू राहते, टंचाई हटते. दुसऱ्या बाजूला देशी उत्पादकाचा भाव पडतो. समोरची निम्मी मुलं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या घरची. ती खाली मान घालून दोन्ही बाजू उतरवून घेत, कारण परीक्षेत दोन्हींना सारखेच गुण होते.

आमच्या वावरात त्या वर्षी कपाशीनं काही दिलं नाही. कपाशीच्या ओळींमध्ये घेतलेल्या तुरीनंच घर धरलं. देशभर तूर कमी पिकली होती, म्हणून भाव कधी नव्हे एवढा चढला होता. धाकट्याचा एकेक दाणा बाजारात जायला हवा आणि मी पगारदार माणूस, त्याच्यातलं पोतंभर फुकट खाणार. रात्रंदिवस मला तेच दिसायला लागलं. पण "तुला गरज आहे, म्हणून मला नको" असं त्याला म्हणणं म्हणजे त्याला गरीब म्हणणं. म्हणून मी फोनवर खोटं बोललो.

"औंदा दाळ पाठवू नको बाबू."

"काहून?"

"पित्त होऊन राह्यलं. डॉक्टरनं तूर बंद केली."

"अन् वहिनीले?"

"तिलेबी."

"दोघांलेबी एकाच बारी पित्त झालं?"

"वय झालं ना आता."

तो "बरं" म्हणाला. फोन ठेवला तर बायको दारात उभी.

"मला कधी झालं पित्त?"

"आत्ताच."

"निदान विचारून तरी आजारी पाडायचं." मग तिचा आवाज बदलला. "भाऊजींना वाईट वाटेल. खरं सांगितलं असतं तर चाललं नसतं का?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी ऐकलं नाही.

डाळ तर लागणारच होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं पुडक्यातली डाळ माझ्यापुढे पसरली. एकसारखी, चकचकीत, एकही साल नाही. "हे घ्या सर. जहाजाची हाये. बाहेर देशातून येऊन राह्यली. गावरानीपेक्षा सस्ती अन् दोन शिट्ट्यांत शिजते." पिशवी हातात घेतली आणि खरं सांगायचं तर हायसं वाटलं. धाकट्याची तूर वाचली, माझा खिसाही वाचला. फळ्याच्या डाव्या बाजूचं वाक्यच घरी घेऊन आलो होतो.

चव मात्र नव्हती. बायको म्हणाली, वरण दिसतं छान, पण भातावर घेतलं की कुठे जातं कळत नाही. आम्ही तेच खाल्लं. गावाकडचं कुणी आलं की पंचाईत, कारण आम्हाला तूर बंद होती. मग ती मुगाचं वरण लावायची. आमच्याकडे मुगाचं वरण आजाऱ्याला देतात. पाहुणे जेवता जेवता दोघांकडे दयेनं बघत आणि जाताना प्रकृतीला जपायला सांगत.

पुढच्या वर्षी धाकट्यानं कपाशी कमी करून तूर वाढवली. आदल्या वर्षीचा भाव पाहून जिल्ह्यातल्या पुष्कळांनी तेच केलं. पाऊस बरा झाला, तूर चांगली पिकली, पण जहाजं यायची थांबली नव्हती. आमची तूर बाजारात यायला आणि भाव उतरायला एकच गाठ पडली. दुकानदार खुशीत म्हणाला, "सर, अजून उतरली." मी नेहमीएवढीच डाळ घेतली. बाहेर पडताना पिशवी जड लागली. वाटलं, भाऊ बाजारात पोती घेऊन उभा आहे आणि समोरच्या बाजूनं त्याचा भाव पाडणाऱ्यांत मीही उभा आहे.

त्याचा फोन आला. "औंदा तरी पाठवू का?"

भाव पडला होता. आता तर त्याला एकेक दाणा जास्तच लागणार. "नको," मी म्हणालो.

"पित्त हायेच?"

"हायेच."

यावेळी तो "बरं" म्हणाला नाही. फोनच ठेवला.

पुढे फोन कमी झाले. मी लावला की त्याची बायको घ्यायची आणि ते वावरात गेलेत म्हणायची, संध्याकाळी अंधार पडल्यावरसुद्धा. मला कळेना. आपण त्याचं भलं केलं आणि तो दूर का चालला, एवढंच मनात घोळत राहायचं. आणि चोरून तुरीचं वरण खाण्याची लाज होतीच.

एका रविवारी दुपारी तो न सांगता दारात उभा राहिला. हात रिकामे. बोरं, तुरीचे ओले सोले, काहीतरी घेतल्याशिवाय तो कधी आला नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला आणि पंख्याकडे बघत राहिला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तुरीच्या वरणाचा वास लपत नाही. तो वास बैठकीपर्यंत आला.

"वहिनी, मुगाचं हाये का वरण?"

बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. "तुरीचं आहे भाऊजी. पानं वाढते, बसा."

आम्ही बसलो. त्यानं पहिला घास घेतला, सावकाश चावला.

"हे आपली नाई."

"नाही," मी म्हणालो.

"इकतची हाय."

"हो."

तो जेवत राहिला. भात संपवला, ताटात काही टाकलं नाही. मग हात न धुताच म्हणाला, "भाऊ, एक इचारतो. हिस्सा पाहिजे असंन त सरळ सांगा ना. आडून कायले सांगता?"

"कसला हिस्सा?"

"वावराचा. अजून कायचा? बाबानं वाटणी केली नाई, दाळ लावून देली. ते तुम्ही बंद केली. एक साल समजून घेतलं, दुसऱ्या सालीबी तेच. स्टँडवर लोकं इचारतात, सराची दाळ काहून जात नाई आता? म्या पित्त सांगतो. ते हासतात." त्याचा आवाज खाली आला. "विहीर एका बाजूनं हाये. अर्ध तुटलं त राह्यलेल्या अर्ध्यात काय होते, तुम्हाले मालूम हाय. पेराले गेलो तवा हेच मनात, आपण कोणाच्या वावरात पेरून राह्यलो."

ज्या गोष्टीनं त्याचा भार हलका होईल असं मला वाटलं होतं, तिनंच त्याच्या पायाखालची जमीन दोन वर्षं हलवली होती. मग मी सगळं सांगितलं. पित्त नव्हतं. हिस्सा मनातही नव्हता. कापूस बुडाला, तूर तेवढी राहिली, तिच्यातलं पोतं घ्यायची लाज वाटली. आणि ही डाळ बाहेरच्या देशातली आहे, हीच खाऊन आम्ही तुझा भाव पाडला, तेही सलतं आहे. तो ऐकत होता, उष्टा हात ताटातच वाळत चालला होता.

"म्हंजे पित्त नव्हतंच?"

"मला तर कधीच नव्हतं, भाऊजी," बायको म्हणाली.

आधी त्याचे खांदे हलले, मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि तिनं पाणी दिलं.

"आता म्या एक सांगतो," तो म्हणाला. "रागावू नका. आमच्या घरीबी हेच दाळ हाय."

"कोणती?"

"जहाजाची. तोंडात घातल्याबरोबर ओळखली, दोन सालापासून रोज खाऊन राह्यलो ना. आपली सारी इकली. महाग इकाची अन् सस्ती खाची, असा हिशोब केला."

"सारी?"

"तुमच्या वाटची सोडून. ते माह्या बायकोनं दोन्ही साल भरडून ठेवली. कडूलिंबाचा पाला टाकते, उन्हं दाखवते. म्या म्हणलं, घरात दाळ संपली तरी त्याले हात लावाचा नाई, भाऊची हाये."

मी त्याचा घास वाचवायला गेलो होतो आणि तो माझा घास राखत परदेशी डाळ खात होता. दोन घरं, एकच वावर, आणि दोन्ही चुलींवर जहाजाची डाळ. इतकी वर्षं फळ्यावर मधोमध रेघ मारून मी ग्राहक एकीकडे आणि उत्पादक दुसरीकडे लिहीत आलो. रेघ आमच्या घरातून, माझ्या भावाच्या ताटातून जात होती. हे कळून मला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. वावर तुटणार नव्हतं. दुपारच्या त्या गरम खोलीत मी पुन्हा भात मागून घेतला.

हात धुतल्यावर तो म्हणाला, "आता सांगा सर, हे जहाजं चांगले का वाईट? आमाले इकाले महाग पाहिजे अन् खाले सस्ती. दोन्ही कसं होईन?"

त्या दिवशी मी त्याला पुस्तकातलं सांगितलं नाही, मला वाटतं ते सांगितलं. देशात तूर कमी पिकली त्या वर्षी जहाजं आली नसती तर तुझ्या वावरात निंदणाऱ्या बायकांना डाळ दिसली नसती. तेव्हा ती यायलाच हवी होती. पण आमची तूर निघायच्या महिन्यात तरी त्यांच्यावर कर चढवायला हवा, आणि ते पेरणीच्या आधी सांगायला हवं, म्हणजे काय पेरायचं ते माणसाला ठरवता येतं. कापसाचंही तसंच. गिरणी बंद पडली तर आमचा कापूस तरी कोण घेणार, म्हणून बाहेरचा कापूस सरसकट अडवा असं मला म्हणवत नाही. पण आमचा माल दारात आणि त्यांचा आधीच आत, हे बरोबर नाही.

"मंग लिवा ना हे पुस्तकात."

"पुस्तक मी लिहीत नाही. शिकवतो."

"मंग काय फायदा," तो म्हणाला आणि बायको पदर तोंडाला लावून हसली.

निघताना त्यानं पायरीवरच चप्पल घालता घालता विचारलं, "हे जहाजाची दाळ इथं कितीले भेटते? तिकडं दुकानदार जादा लावते." आम्ही दोघं कोपऱ्यावर गेलो. दुकानदारानं त्याच्यापुढेही तोच चकचकीत ढीग केला आणि तेच सांगितलं, दोन शिट्ट्यांत शिजते. धाकट्यानं मूठभर डाळ तळहातावर घेऊन हलवली, दोन दाणे दाताखाली फोडले आणि "शिजते, मालूम हाये" म्हणून पिशवी भरून घेतली. नेरचा शेतकरी पुसदहून परदेशी डाळ घेऊन बसमध्ये चढला. खिडकीतून त्यानं पिशवी वर करून मला दाखवली, आणि मीही हसलो.

त्याच आठवड्यात पोती आली, दोन वर्षांची दोन. उघडली तर वर कडुलिंबाचा वाळलेला पाला. बायकोनं त्याच संध्याकाळी वरण लावलं. ही डाळ दोन शिट्ट्यांत शिजत नाही. आम्ही कुकरसमोर बसून वाट बघितली. पहिल्या वाफेलाच घर गावासारखं झालं. मी दोनदा वाढून घेतलं तेव्हा ती म्हणाली, "बेतानं घ्या, पित्त आहे तुम्हाला."

जेवून मी फोन लावला. यावेळी त्यानंच उचलला.

"पोचली," मी म्हणालो.

"मालूम हाये. कंडक्टरनं सांगतलं."

"दोन्ही एकदम कशाला पाठवलीस? एवढी कोण खाणार?"

"खा सावकाश," तो म्हणाला. "स्टँडवर चार लोकं बसून होते भाऊ. मुद्दाम एक पोतं चढवलं, थांबलो, चहा पिलो, मंग दुसरं चढवलं. सगळ्याईनं पाह्यलं."