बेबाबाई मागे लागल्या तेव्हा

ब्याण्णव साली मेहरूणच्या चौकीत बायकांसाठी वेगळी खोली झाली आणि तिथं शिपाई म्हणून बेबाबाई आल्या. साधं पातळ, हातात वायरची पिशवी, पिशवीत मेथीची जुडी. ही पोलीस असेल? ओट्यावरच्या बायांना पटेना. "आनी चोर पकडीसन काय करी? भाजी निवडाले लावी?"

पहिली आली कोकिळा, टायपिंग शिकणारी. सोबत कोणी नाही.

"झुलाल मांगे येस, अक्का. लुना बंद करस न् ढकलत येस. क्लासपाईन घरलगून."

"बोलतो काही? हात लावतो?"

"नही. पण आबा म्हणतस, क्लास बंद कर. परीक्षा तोंडवर शे."

चौकीच्या साहेबांनी डोकं खाजवलं. "नुसतं मागे चालायला कुठलं कलम लावू, बाई?"

"मग मलाही लागणार नाही ना, साहेब?"

दुसऱ्या दिवसापासून झुलालच्या मागे बेबाबाई. तो थांबला की थांबायच्या, मेथी निवडायच्या. टपरीवर बाकाच्या त्या टोकाला त्याच. आता बाया ओट्यावर चहा घेऊनच बसू लागल्या.

आठवडाभरात झुलाल स्वतःच चौकीत धडकला. "साहेब, ही बाई मना मांगे लागेल शे!"

"कुठं कुठं?"

"क्लासना दारशी, तलावना बांधवर, अभिमनभाऊना घरसामने..."

"रोज?"

"रोज, साहेब! जीव घाबरा व्हई जास."

"आणि तू तिथं रोज काय करत होतास?"

बाहेरच्या बाकावर अभिमन होते, कोकिळेचे वडील. बेबाबाईंनीच बोलावून बसवलेले. त्यांनी सगळं ऐकलं. साहेबांनी झुलालकडून चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेतली, जामीन त्याचा मामा. लुना मेहरूणात दिसेनाशी झाली.

पण कोकिळा क्लासला निघाली की मागून छत्री घेऊन अभिमन.

बेबाबाईंनी त्यांना तलावाशी गाठलं. "काय भाऊ, कुठं?"

"राखण करस, बाई."

"मागून पावलं वाजली की पोरगी धावायला लागते. ती बापाची आहेत, हे तिला कसं कळायचं?"

अभिमन जागीच थांबले. कोकिळा पुढे वळणाआड गेली.

"परीक्षा तरी कधी आहे, अक्षय तृतीयेआधी की नंतर, माहीत आहे का?"

"आखाजीना दुसरा दिन शे," अभिमन म्हणाले. "कालच तिले इचारं मी." आणि छत्री मिटून घराकडे वळले.