बाहुल्यांची साक्ष

समीरच्या बाहुल्या टपोऱ्या जांभळांएवढ्या झाल्या, आणि तेवढ्यात रिसेप्शनवरच्या रजनीने दारातून डोकं आत घातलं.

"मॅडमजी, बाहर लड़कीवाले आ गए हैं."

"कोणाचे?"

"इन्हीं भैया के."

मी झाशीत बावीस वर्षं डोळे तपासते. माझ्या दवाखान्यात मोतीबिंदू येतात, काचबिंदू येतात. लड़कीवाले पहिल्यांदाच आले होते.

समीर रेल्वेत इंजिनियर. डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात म्हणून आईबरोबर आला होता. डोळ्याच्या आत मागे नीट पाहायचं, तर बाहुली, म्हणजे मधलं काळं भोक, थेंब घालून रुंद करावी लागते. मग चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं. "आज गाडी चालवायची नाही ना?" एवढं मी विचारलं होतं. मुलगी पाहायची नाही ना, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

मी तपासलं. डोळे ठणठणीत होते, ठिपके निरुपद्रवी. पण त्याची आई, सुमनताई, घामाघूम.

"ग्वाल्हेरची माणसं संध्याकाळी यायची होती हो. आधीच्या गाडीने आली. घराला कुलूप बघून फोन केला, मी घाबरून इथलाच पत्ता दिला. तुम्ही औषधाचं बोलू नका. मुलीचे वडील फार चौकस आहेत. डोळ्यांत दोष समजतील, हातचं स्थळ जाईल."

"पेशंट समीर आहे, ताई. सांगायचं का ते तो ठरवेल."

औषध घातलेल्यांना उजेड सोसत नाही, म्हणून बाहेरच्या खोलीत आम्ही जाड निळे पडदे ओढून ठेवतो. बाहेर एप्रिलची दुपार भाजत होती. आत सगळे तळ्याच्या तळाशी बसल्यासारखे. पंखासुद्धा पेंगत फिरत होता. समीरसमोर मोतिया साडीतली मुलगी, केतकी. त्याला बहुधा एक मोतिया ढग दिसत असावा. पण त्या ढगाकडे तो अशा काळ्याभोर, अथांग डोळ्यांनी पाहत राहिला, की केतकी आपल्या नोकरीबद्दल सांगता सांगता थांबली. चहाचा कप ओठांपाशी तसाच. मी दारात उभी, पुढचा पेशंट विसरून.

यात शास्त्र आहे. बाहुली आपल्या ताब्यात नसते. मनाजोगतं काही दिसलं की ती आपोआप रुंदावते, आणि समोरच्याला ते डोळे आवडतात, का ते न कळता. काही अभ्यासक म्हणतात, भाषा यायच्या आधीपासून माणसं ही खूण वाचत आली असावीत. ज्यांना वाचता आली त्यांचे संसार झाले, आणि आपण त्यांची नातवंडं. केतकी त्या लाखो वर्षांच्या शहाणपणाने समीरला वाचत होती. मजकूर मात्र माझ्या बाटलीतला होता.

"डोळ्यांचं काही आहे का?" वडिलांनी विचारलंच.

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"डोळे चांगले आहेत, काका," समीर म्हणाला. "पण तपासायला औषध घातलंय. खरं सांगायचं तर केतकी मला दिसतच नाहीयेत."

सुमनताईंनी पदराने तोंड झाकलं. केतकीने कप खाली ठेवला.

"म्हणजे मी पहाटे उठून साडी नेसले ती फुकट?"

"रंग छान आहे. आवाजही."

"आणि तुम्ही जे एवढं टक लावून पाहत होतात..."

"तुमचे डोळे शोधत होतो."

वडील खोकले. केतकीने मला विचारलं, "डॉक्टर, औषध कधी उतरतं?"

"रात्रीपर्यंत."

"मग रविवारी ग्वाल्हेरला या," ती समीरला म्हणाली. "औषधाशिवाय."

सोमवारी तिचा फोन आला. "काल आले होते. मी मुद्दाम भर उन्हात अंगणात बसवलं. बाहुल्या मोहरीएवढ्या."

"उन्हात सगळ्यांच्याच होतात गं. मग?"

"मग गप्पा मारत बसलो. मी हो म्हटलंय. पण डॉक्टर, दिवेलागणीला त्या पुन्हा मोठ्या व्हायला लागल्या. त्या माझ्यामुळे, की अंधारामुळे?"

पुस्तकी उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

फोनवरून निदान करू नये, असं आम्हाला शिकवतात ते उगाच नाही.