अख्ख्या तालुक्याला डाईंग मशीन येतं

"चाचा, डाईंग मशीन म्हणजे काय?"

शुक्रवारची दुपार. रविता पावरा माझ्या काउंटरसमोर उभी होती. मी कुणाच्या तरी सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. मला वाटलं पोरीला मशीन विकत घ्यायचंय. मी म्हटलं, "बाळा, आपल्याकडे फक्त झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो."

"मशीन नकोय. माझ्या बायोडाटात लिहिलंय की मला ते चालवता येतं."

तिने कागद पुढे सरकवला. कागद माझ्याच दुकानातला. मीच प्रिंट काढलेला.

माझं दुकान शहाद्याला, स्टँडच्या मागे. माझे आजोबा भांड्यांना कलई करायचे, वडील स्टोव्ह रिपेर करायचे, मी झेरॉक्स काढतो. दर पिढीला आमचं काम हलकं होत गेलं आणि पोट वाढत गेलं. शिक्षण चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, हा घरी बसला तर वर्गात एक जागा तरी मोकळी होईल. म्हणजे शाळेला माझा उपयोग झाला तो एवढाच.

तरी मी लोकांचे रेझ्युमे बनवतो. रेझ्युमे म्हणजे नोकरी मागायला जाताना द्यायचा कागद. आमच्याकडे सगळे बायोडाटाच म्हणतात. माझी पद्धत सोपी होती. सुरतेच्या माझ्या भाच्याने सहा वर्षांपूर्वी पेनड्राइव्हमधून एक फॉरमॅट दिला होता. फॉरमॅट म्हणजे तयार साचा, इंग्रजीतला. गिऱ्हाईक आलं की जुनं नाव काढायचं, नवं टाकायचं. मग गाव, जन्मतारीख, मार्क, फोटो. पाच मिनिटात माणूस मोकळा. बाकीचं इंग्रजी मला वाचता येत नाही, म्हणून त्याला मी कधी हात लावला नाही. मोठ्या लोकांच्या मध्ये आपण कशाला बोलायचं.

त्या बाकीच्या इंग्रजीत डाईंग मशीन होतं.

रविता तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यातली. आश्रमशाळेतून बारावी झालेली. नंदुरबारकडच्या एका हॉस्पिटलात जागा निघाली होती, नाव नको सांगायला. काम असं, की डोंगरातून पेशंट येतात, त्यांना डॉक्टर काय म्हणतो ते समजावून सांगायचं. त्याचा इंटरव्ह्यू सकाळी झाला होता.

"काय झालं ते नीट सांग," मी म्हटलं.

"मॅडमनी टेबलावर पाच बायोडाटे ठेवले. पाचही शहाद्याचे. पाचही सारखेच. पाचही जणांना डाईंग मशीन येतं. आणि चाचा, पाचही जणांच्या अंगात एकच कोट."

कोटाचं खरं आहे. माझ्याकडे एकच कोट आहे, तो कॉम्प्युटरमध्ये. फोटो काढला की मुंडकं कापून त्या कोटावर बसवायचं. कोट पुरुषाचा आहे हे रविताच्या फोटोकडे तेव्हा नीट बघितलं म्हणून कळलं.

"मग मॅडम काय म्हणाल्या?"

"विचारलं, हे मशीन कुठे चालवलं. माझ्या आधीचा मुलगा म्हणाला, थोडंफार येतं. मी म्हटलं, मला माहीतच नाही ते काय असतं. ज्यांनी टाइप केलं त्यांनाच विचारते."

"माझं नाव सांगितलंस?"

"दुकानाचं सांगितलं."

म्हणजे पत्ता पण दिला. बरं झालं.

"मॅडम हसल्या नाहीत," रविता म्हणाली. "म्हणाल्या, सोमवारी दहाला परत ये. एक पान आण. मराठीत चालेल. पण त्या पानात तू दिसली पाहिजेस."

"मग झालं की. सोमवार लांब आहे."

"मंगळवारी मुकादमाला नावं द्यायचीत, चाचा. दिवाळी झाली की ट्रक येईल. नोकरी नसली तर मी आणि भाऊ मिळून एक कोयता."

कोयता म्हणजे ऊस तोडणारी जोडी. बहुतेक नवराबायको असतात. कुणी नसलं तर भाऊबहीण. एकदा नाव दिलं की उन्हाळ्यापर्यंत गुजरातेत. तिचे दोन हंगाम तिकडेच गेले होते.

मी भाच्याला फोन लावला. म्हटलं, तू सुरतेला डाईंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या गिरणीत आहेस, हे मशीन असतं तरी काय, निदान ते सांग.

"मामू, मैं तो पॅकिंग में हूँ," तो म्हणाला. "वो लाइन तो दोस्त के बायोडाटा से आई थी. मशीन मैंने भी नहीं चलाई."

म्हणजे सहा वर्षं आमच्या तालुक्यातली पोरंपोरी एका अशा माणसाचा अनुभव सांगत फिरत होती, ज्याचं नाव मला, भाच्याला, कुणालाच माहीत नाही. आणि सहा वर्षांत एकाही साहेबाने विचारलं नव्हतं. ह्या मॅडम पहिल्या, ज्यांनी कागद वाचला.

मी रविताला म्हटलं, उद्या ये. बसूनच करू.

शनिवारी ती पहिल्या गाडीने उतरली. मी कॉम्प्युटर चालू केला, फॉरमॅट उघडला आणि लाइट गेली. दुरुस्तीसाठी अधूनमधून शनिवारी जाते, मग संध्याकाळीच येते. मी कपाळाला हात लावून बसलो. साच्याशिवाय मला काही सुचत नाही.

शेजारी चहावाला आप्पा आहे. तो हे सगळं कालपासून ऐकत होता. म्हणाला, "काय रे सलीम, तू चौथी नापास, तू कसाले लोकेस्ना बायोडाटा लिखस?"

"तू तरी किती शिकलास?"

"मी चहा करस. चहाले वाचता येत नही."

मी वही काढली आणि रविताच्या हातात पेन दिलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. मी म्हटलं, "तू लिही, मी विचारतो. लिहिण्यात मी कच्चा आहे. भोचकपणात पक्का."

"विचारा."

"बारावीनंतर काय केलं?"

"काही नाही."

"दोन वर्षं काहीच नाही?"

"ऊसतोडीला होते."

ह्याला आमच्या धंद्यात गॅप म्हणतात. म्हणजे कागदावरची मोकळी जागा. माझा नियम असा होता, की गॅप झाकायची. मी म्हटलं, "ते नको टाकायला. वाईट दिसतं."

ती पेन खाली ठेवून म्हणाली, "मग त्या दोन वर्षांत मी कुठे होते? डाईंग मशीनवर?"

मी पेन उचलून परत तिच्या हातात दिलं.

"बरं, लिही ऊसतोड. तिकडे काय करायचीस?"

"तोडायचे. मोळ्या बांधायचे."

"अजून?"

"काही नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुकादमाचा होता. ती त्याच्याशी गुजरातीत बोलली. मंगळवारी सांगते, असं काहीतरी. तो जोरात बोलत होता, ती हळू बोलत होती, पण मागे हटत नव्हती. तो फोन ठेवला आणि लगेच आईला लावला. आईशी पावरीत बोलली. मग चहाचा घोट घेतला आणि आप्पाला त्याच्याच बोलीत म्हणाली, "आप्पा, साखर कमी टाका ना, भलता गोड व्हई गया." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "विचारा पुढचं."

आप्पा माझ्याकडे बघत होता. "काय रे, तुन्हा मशीनले इतल्या भाषा येतस का?"

मी कालचा कागद काढला. त्यात भाषा होत्या मराठी, हिंदी, इंग्रजी. मी सगळ्यांना ह्याच तीन देतो. भाषेचा रकाना म्हटलं की हात आपोआप तिकडे जातो.

"तू पावरी का नाही सांगितलीस मला?"

"ती कुठे भाषा आहे, चाचा. ती तर घरी बोलतात. शाळेत बोललं तर सर रागवायचे."

मी हॉस्पिटलच्या जाहिरातीचा कागद मागितला. तो तिने बायोडाटा काढायला आली तेव्हाच आणला होता आणि मी तेव्हाच बाजूला ठेवला होता. त्यात दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, डोंगरी भागातली भाषा येणं आवश्यक. मराठीतच लिहिलं होतं. हे तर मला वाचता येतं.

मी म्हटलं, "पावरी सगळ्यात वर लिही."

तिथून पुढे काम सरकलं. मी जे बसमध्ये अनोळखी माणसाला विचारतो ते सगळं तिला विचारलं. टोळीत किती माणसं. हजेरी कोण लिहायचं. आजारी पडलं तर कोण न्यायचं. हजेरी तीच लिहायची, कारण बाकी कुणाला लिहिता येत नव्हतं. दवाखान्यात पण तीच जायची. बायका पावरीत दुखणं सांगायच्या, ही ते डॉक्टरला गुजरातीत सांगायची.

"आणि गोळ्या?"

"त्या मी चिंधीत बांधून द्यायचे."

"चिंधीत कशाला?"

"त्यांना वाचता येत नाही ना. सकाळच्या गोळ्या लाल चिंधीत, रात्रीच्या काळ्या चिंधीत. मग चुकत नाही."

"हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. एका काकूने सगळ्या गोळ्या एकदम घेतल्या होत्या. खूप त्रास झाला तिला. मग मी असं सुरू केलं."

आप्पा गाळणी हातात धरून उभा होता. चहा उतू गेला.

मला तर जोरच चढला. मी म्हटलं, "आता ह्याला जरा मोठं करू. लिही, उत्कृष्ट संवादकौशल्य. आव्हानात्मक परिस्थितीत काम करण्याची…"

"चाचा," ती म्हणाली, "हे परत डाईंग मशीन होतंय."

ते शब्द तिने खोडले. लाल चिंधी आणि काळी चिंधी ठेवली. इंग्रजीपुढे लिहिलं, वाचता येतं, बोलता येत नाही. मी म्हटलं, हे तरी कशाला सांगायचं. ती म्हणाली, "त्या विचारतील. ह्या मॅडम वाचतात."

शेवटच्या गाडीने ती घरी गेली. मी रविवारी एका बोटाने ते पान टाइप केलं. पूर्ण दिवस लागला. फोटोतला कोट काढला आणि तिचा खरा ड्रेस ठेवला. मान पहिल्यांदा स्वतःच्या खांद्यावर बसली.

सोमवारी सकाळी ती स्टँडवरून धावत आली. नंदुरबारची गाडी लागलेली. मी पान तयार ठेवलं होतं. म्हटलं, घे आणि पळ.

ती उभ्याउभ्या वाचायला लागली.

"अगं गाडी सुटेल."

"वाचल्याशिवाय नाही नेणार."

कंडक्टरने डबल बेल मारली. ती वरून खालपर्यंत, बोट फिरवत वाचत होती. शेवटी बोट थांबलं. "हे काय? छंद, क्रिकेट आणि वाचन?"

ते मी टाकलं नव्हतं. म्हणजे मीच टाकलं होतं, पण मला माहीत नव्हतं. सहा वर्षांची सवय. पानाचा शेवट आला की बोट आपोआप क्रिकेट टाइप करतं.

"राहू दे ना. कोण बघतंय."

"मी बघितलं ना, चाचा. काढा."

मी कॉम्प्युटरकडे पळालो. आप्पाने दोन ग्लास उचलले आणि गाडीकडे चालायला लागला. जाता जाता म्हणाला, "डायव्हर मन्हा शे. चहा पीसन जाई." प्रिंटरने पहिला कागद अडकवला. दुसरा अर्धा काळा आला. तिसरा नीट आला. तिने तोही पुन्हा वाचला, मग गेली. ड्रायव्हरने दोन्ही ग्लास खिडकीतून आप्पाला दिले आणि गाडी हलली.

त्या दिवशी मी लोकांच्या झेरॉक्स उलट्या काढल्या. आप्पा दर अर्ध्या तासाने म्हणायचा, "उनी का रे?" मी म्हणायचो, आली असती तर दिसली नसती का.

ती चार वाजता आली. कागद काउंटरवर ठेवला. एका ओळीखाली लाल पेनची रेघ होती. लाल रेघ बघितली की मला चौथीचा वर्ग आठवतो.

"काय चुकलं?"

"काही नाही. ही चिंधीची ओळ आहे. मॅडमनी विचारलं, हे करून दाखव. मला वॉर्डात नेलं. धडगावकडची एक आजी होती, कुणाशी बोलत नव्हती. मी तिच्याशी बोलले."

"काय बोललीस?"

"आधी विचारलं, घरी कोंबड्या कोण बघतंय. मग ती बोलायलाच लागली. मग तिला गोळ्या बांधून दिल्या. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांना पावरी येत नाही, पण बघत होत्या."

"मग?"

"पहिल्या तारखेपासून ये म्हणाल्या. तीन महिने बघतील, मग कायम."

आप्पा म्हणाला, "मुकादमले फोन लाव." तिने तिथेच लावला. ह्या वेळी तो हळू बोलत होता आणि ती जोरात.

दिवाळीनंतर ट्रक गेला. तिचा भाऊ चुलत्यासोबत कोयता करून गेला. ती हॉस्पिटलात आहे. तीन महिने झाले, कायम झाली.

माझ्या धंद्याचं म्हणाल तर पूर्वी पाच मिनिटाला एक रेझ्युमे व्हायचा, आता अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक बसतं, मी वही काढतो, काय केलं म्हणून विचारतो. प्रत्येक जण म्हणतो, काही नाही. मग मी आप्पाला दोन चहा सांगतो. ते 'काही नाही' सांगून संपेपर्यंत दुपार होते. आप्पाचा धंदा चांगला वाढलाय.

जुना फॉरमॅट मी डिलीट केला नाही. त्यात माझं नाव टाकलं, माझं मुंडकं त्या कोटावर बसवलं आणि प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवलाय. त्यात स्पष्ट लिहिलंय की सलीमला डाईंग मशीन येतं. रोज त्याच्यावर कोपर टेकवून किती माणसं उभी राहतात. अजून एकानेही विचारलेलं नाही.

फक्त रविता सुट्टीत घरी जाताना थांबते. आधी तो कागद वरून खालपर्यंत वाचते, मग चहा मागते.